वरातीतले गिअरबॉक्स

चालत्या गाडीबद्दल कोणी काही सांगत नाही. ती रस्त्यात उभी राहिली, की मग मात्र चार जण चार गोष्टी घेऊन येतात. चिखलीतल्या आमच्या चहाच्या टेबलावर या गोष्टींचा असा ढीग झालाय, की चहावाला कप ठेवताना आधी विचारतो, "आज कोनाची?"

आमचं टेबल चौघांचं. हाडांचे डॉक्टर, खडी फोडायचं गिट्टी क्रशर चालवणारा संजूभाऊ, अमडापूरला कृषी केंद्र चालवणारे भास्करराव आणि मी, रिटायर्ड मास्तर. माझ्याकडे स्कूटर. बाकी तिघांकडे पुण्या-मुंबईहून आणलेल्या सेकंडहँड मोठ्या गाड्या. वॉरंटी तिघांचीही संपलेली. दोघांचे गिअरबॉक्स गेले, तिसऱ्याचा जायच्या वाटेवर. सगळे ऑटोमॅटिक! म्हणजे गिअर आपण टाकायचा नाही, गाडीनं ठरवायचं. मग एक दिवस गाडी ठरवते, की आज नाही टाकत जा!

मी आधी खूप हसायचो. खोटं कशाला बोलू?

*

पहिला नंबर संजूभाऊचा. खामगाव रोडवर गाडीनं झटका दिला आणि थांबली. इंजिन चालू, एसी चालू, गाणी चालू, फक्त चाकं फिरेनात. त्यानं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलणारी.

"सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात ना?"

"हाव मॅडम. नाल्याजवळ हाय."

"जवळची एखादी खूण सांगाल का?"

संजूभाऊनं इकडेतिकडे पाहिलं. "एक म्हैस बसेल हाय."

मुलीनं गाडीचा नंबर घेतला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "सॉरी सर, आपली वॉरंटी संपलेली आहे."

"वॉरंटी संपली असंन मॅडम, मी तर जिवंत हाय ना!"

शेवटी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सोयाबीन आणि मागे दोरखंडाला बांधलेली संजूभाऊची गाडी. अख्ख्या चिखलीनं पाहिली. पुढे बरेच दिवस तो टेबलावर आला नाही. त्याला ते फार लागलं होतं.

*

डॉक्टरांचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगतो.

ते गाडी घेऊन शहरातल्या वर्कशॉपला गेले. तिथला कडक इस्त्रीचा पोरगा टॅबवर चित्र दाखवत म्हणाला, "सर, झीज झालीय. रिपेअरमध्ये अर्थ नाही. बदलूनच टाका."

"पूर्ण?"

"पूर्ण. आता वयही झालंय ना."

हेच वाक्य, याच आवाजात, डॉक्टर रोज गुडघ्यांच्या पेशंटला सांगत आले होते. परत येऊन आम्हाला म्हणाले, "मास्तर, हे वाक्य ऐकून घेणं काय असतं, ते मला आजवर माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. रोहिणखेडची एक आजी आली होती. डॉक्टरांनी तिला खुर्ची जवळ ओढायला लावली, चित्र काढून सगळं समजावलं. आजी घाबरत घाबरत म्हणाली, "दुसऱ्या डागदरले दाखवू का एकदा?"

"दाखवा आजी. मीसुद्धा दाखवणार आहे."

आजीला वाटलं, डॉक्टरांचाही गुडघा गेला. जाताना तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

*

आता भास्करराव. यांच्या गाडीची मात्र टेबलावर कोणी चेष्टा करत नाही.

त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, कॅन्सर आहे. तो मणक्यात उतरलाय. उपचार संभाजीनगरला. पहिल्यांदा जीपनं नेलं, तर प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडायच्या. देऊळगाव राजा येईपर्यंत अंगात त्राण राहिलं नाही. परत आल्यावर म्हणाल्या, "मले मरू द्या, पन त्या रस्त्यानं नेऊ नका." भास्कररावांनी त्याच आठवड्यात ही गाडी शोधून आणली. ज्या माणसानं जन्मभर मोटारसायकलवर बियाण्याची पोती वाहिली, त्यानं! त्या गाडीत वहिनींना कळा कमी लागतात. एवढंच त्यांना हवं होतं.

मग तीही गाडी झटके द्यायला लागली. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर जोडला. तिथले साहेब स्क्रीनवरचे आकडे वाचू लागले.

"गिअरबॉक्स पार तापून गेलाय. ही गाडी तासन् तास माणसाच्या चालीनं चाललीय. तीही मे महिन्याच्या उन्हात! तुम्ही घाटातून माल वाहता का?"

"नाही साहेब."

"मग कुठे चालवता?"

"लग्नात."

साहेबांना कळेना. भास्कररावांनी समजावलं, की गावात कोणाच्याही घरी लग्न असलं, की मोठी गाडी ज्याच्याकडे असेल त्यानं ती नवरदेवाला द्यायची. मागायला यावं लागत नाही, फुलंवालाच सकाळी परस्पर येऊन हार लावायला लागतो! मग पुढे डीजे, मध्ये नाचणारे आणि मागे गाडी. दोन पावलं चालायची, थांबायची, पुन्हा दोन पावलं. मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत. नाही कसं म्हणायचं? पोरगी कोणाचीही असो, गावाचीच असते.

साहेबांनी डोक्याला हात लावला. गाडी बनवणाऱ्यांनी बर्फाचा विचार केला होता, वाळवंटाचा केला होता. वराती त्यांच्या डोक्यातच आली नव्हती!

"मोकळ्या रस्त्यावर चालेल अजून," साहेब म्हणाले. "पण आता एक वरात झाली, की संपलं. पार्ट परदेशातून येतो, महिना-दोन महिने लागतील."

महिना-दोन महिने! वहिनींना तेवढे दिवस थांबून चालणार नव्हतं.

*

मग टेबलावर नाही म्हणण्याची प्रॅक्टिस सुरू झाली. संजूभाऊची गाडी तोवर दुरुस्त होऊन आली होती, पण त्यानंही वरातींचा धसका घेतला होता. दुसरबीडचा एक पाहुणा गाडी मागायला त्याच्या घरी आला.

"सर्व्हिसिंगले गेली," संजूभाऊ म्हणाला.

"मंग ते लिंबाखाली झाकून ठेवेल काय हाय?"

"ते? कापूस हाय."

पाहुण्यानं कव्हरखाली दिसणाऱ्या चाकांकडे पाहिलं. चहा प्यायला आणि गेला. संजूभाऊ आम्हाला म्हणाला, "लाज वाटली बे मास्तर. गाडी गेली असती तं बरं झालं असतं." पुढच्याच लग्नाला त्यानं गाडी दिली आणि गिअरबॉक्स पुन्हा गेला.

*

भास्कररावांना मात्र खरंच नाही म्हणायचं होतं. आणि नेमकं लग्न निघालं पूजाचं.

पूजा शेजारची. वहिनींना उठवत नव्हतं, तेव्हा या पोरीनं त्यांना आंघोळ घातली, जेवू घातलं, केस गळाले तेव्हा आरसा लपवून ठेवला. लग्न रविवारी, आणि सोमवारी वहिनींची दवाखान्याची तारीख.

आम्ही तिघं तेव्हा अमडापूरला त्यांच्याकडेच बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "पूजाच्या नवरदेवाले आपली गाडी द्या."

"नाही."

"मी तिले शब्द देल्ला हाय."

"तुले सोमवारी न्यायचं हाय ना!"

"मी जीपनं जाईन."

"कशी जाशीन? मले ऐकू येते ना ते तुह्यं ओरडनं!"

वहिनी म्हणाल्या, "माही लेक असती तं नाही म्हनले असते का?"

भास्करराव उठून बाहेर गेले. मला त्या माणसाची इतकी कीव आली, की मी चहा तसाच ठेवला.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मास्तर, डॉक्टर आन् संजूले घेऊन मारोतीच्या देवळापाशी या. जुने कपडे घाला."

आम्ही पोचलो. गाडीला झेंडूच्या माळा लावलेल्या, नवरदेव आत, एसी चालू. गिअरवर जोर नको म्हणून भास्कररावांनी गाडी न्यूट्रलला टाकली, संजूभाऊच्या पुतण्याला स्टिअरिंगवर बसवलं, मागे गेले आणि डिक्कीला खांदा लावला. कोणाला काही विचारावं लागलं नाही. डॉक्टर डावीकडे, संजूभाऊ उजवीकडे, मी मध्ये. डीजे सुरू झाला. दोन पावलं ढकलायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. ऊन डोक्यावर. डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला, मला धाप लागली, पण थांबतंय कोण!

भास्कररावांच्या घरासमोर वरात थांबली. वहिनी ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून, नवं लुगडं नेसून.

नवरदेवाचे मामा नाचत नाचत मागे आले आणि आम्हाला पाहून थबकले.

"काय हो, बंद पडली का गाडी?"

"नाही," संजूभाऊ म्हणाला. "चालू हाय."

"चालू हाय तं ढकलून काऊन राह्यले?"

भास्कररावांनी खांदा न काढता ओट्याकडे हात केला. "उद्या हिले दवाखान्यात न्यायचं हाय."

मामांनी ओट्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा फेटा काढून डिक्कीवर ठेवला.

"सरका मास्तर," ते म्हणाले. "मले जागा द्या."