टपात अडकलेला झेंडू

झेंडूचा हार हातात घेतला की मला साडूची ती उघड्या टपाची लाल गाडी आठवते. त्या दसऱ्याला संत तुकाराम नगरात आमच्या बिल्डिंगखाली त्याने ती माझ्या वडिलांच्या जुन्या सेडानला खेटून लावली आणि सासूबाईंदेखत म्हणाला, "साडूभाऊ, हे भंगार अजून काढलं नाही?" माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण मी चाकाखाली लिंबू ठेवलं. त्याने मात्र बॉनेटशिवाय मागे घडी झालेल्या टपावरही जाडजूड हार पसरला, आणि सासूबाईंना शेजारी बसवून ऐटीत चाकणला त्यांच्या घरी सोडायला निघाला. आम्ही मागून होतोच. मोशीच्या पुढे खडीच्या डंपरने धुरळा उडवला, त्याने टप लावायचं बटण दाबलं, तर हाराची सुतळी सांध्यात गुंतून टप अर्ध्यातच अडकला. धुळीने पांढऱ्याफटक झालेल्या सासूबाई खोकत उतरल्या आणि "जावईबापू, मला तुमच्याच गाडीत घ्या," म्हणत आमच्या एसीत येऊन बसल्या. मी काच खाली करून साडूला अगदी गोड आवाजात विचारलं, "भंगारात जागा आहे, येताय का?" ती लाल गाडी त्याने केव्हाच विकली. आमची सेडान अजून आहे, आणि दर दसऱ्याला तिला हार घालून झाला की मी साडूला फोन लावून तेवढंच विचारतो.