सहा निळ्याला किती पांढरे

वस्तीचं वाचनालय मी भांडून मिळवलं. ते चालवायला मात्र दहावी पास बाई हवी, असा नियम. बाकी सगळे विषय सुटले होते, गणितात दोनदा आपटले. तिसरी परीक्षा आठ दिवसांवर आली, तरी प्रमाणाची उदाहरणं डोक्यावरूनच जायची. भल्याभल्या साहेबांना घाम फोडणारी मी, पण पुस्तकातल्या रंगाच्या डब्यांपुढे माझी बोलती बंद!

त्याच आठवड्यात वाचनालय रंगवायला मावशी आल्या. चाळीस वर्षं रंगकाम, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मापाला एकच, कान तुटलेला मग. तीन मग निळा, पाच मग पांढरा, की आभाळी रंग तयार.

पहिली बादली संपली. मावशी शिडीवरून म्हणाल्या, "आता दुप्पट लागेल. निळा सहा मग ओतलाय. पांढरा तू घाल, पुढारीणबाई."

निळा तीनने वाढला, म्हणून पांढराही मी तीनने वाढवला. आठ मग. मावशींनी पहिल्या बादलीच्या रंगाला लागून हातभर पट्टा मारला.

"बघा, जुळला!" मी म्हटलं.

"ओल्या रंगाचं खरं धरू नये. वाळू दे."

वाळला, आणि चांगलाच गडद झाला. मी तडकले. "तुमचा मगच तुटका!"

"कान तुटलाय गं, पोट नाही." मावशी खाली उतरल्या. "तीन निळ्याला पांढरे किती?"

"पाच."

"अजून तीन निळे आले. त्यांना किती?"

"पाच..." मी बादलीत वाकून पाहिलं.

"मग त्यांची तिनावर का बोळवण केलीस? तू तर सगळ्यांना सारखा वाटा मागत हिंडतेस!"

असलं मला दुसऱ्या कुणी सुनावलं असतं तर त्याची खैर नव्हती. त्या दिवशी मुकाट्याने आणखी दोन मग पांढरा ओतला.

परीक्षेत आलं: चोवीस लिटर रंग, निळा-पांढरा तीनास पाच. घाईत बारा-बारा लिहून मोकळी झाले. मग आठवलं, वाळू दे. पेन खाली ठेवलं, पुन्हा वाचलं. तीन आणि पाच, वाटे आठ. एकेक वाटा तीन लिटरचा. निळा नऊ, पांढरा पंधरा.

निकालाचा कागद घेऊन मावशींकडे धावत गेले. "सुटलं गणित!"

"वाळलंय ना नीट?" त्या म्हणाल्या, आणि रंगाच्या हातांनीच त्यांनी माझे गाल धरले.

वाचनालयात माझ्या खुर्चीमागे तो गडद पट्टा मी हट्टाने तसाच ठेवून घेतलाय. कुणी नाक मुरडलं, तर ऐटीत सांगते, "माझ्या बाईंनी तपासलेला पेपर आहे तो!"