गुरुवारी दुकान बंद

सेरया खाडीतल्या आमच्या आरमारी गावात गुपित टिकत नाही. पाणबुडी कधी निघणार आणि कधी परतणार हे म्हणे फक्त वरच्या लोकांना ठाऊक असायचं. वरचे लोक, हं! वरच्या लोकांच्या बायकासुद्धा केस करून घ्यायला रिम्मा सावेल्येव्हनाच्या सलूनमध्येच यायच्या, आणि तिथल्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांची जीभ सुटायची. शेजारच्या खाडीतल्या विनाशिका आणि क्रूझर यांची गोष्ट वेगळी. त्या दिवसाढवळ्या धूर सोडत येतात, डोंगरावर चढलेल्या शेळीलाही दिसतात. त्यांच्या बायकांना कसली हुरहूर? आमच्या बोटी पाण्याखालून जायच्या, पाण्याखालून यायच्या, मधले महिने ना पत्र ना तार. मग एके दिवशी एकाच बोटीवरच्या माणसांच्या साऱ्या बायका सलूनबाहेर रांग लावून उभ्या दिसल्या की गाव समजून जायचं, बोट आली.

रिम्मा या गावात आली तेव्हा ऐन तिशीची होती. दूर दक्षिणेच्या व्होलोग्दा शहराकडची पोर, हातात एक पेटी आणि जिभेवर तिखट. दोन वर्षं काढीन आणि जाईन म्हणाली होती. मग हिवाळ्यामागून हिवाळे गेले, ध्रुवाकडच्या अंधाराला ती शिव्या घालत राहिली आणि राहिलीच. तिच्या हातची कुरळी बट खाडीवरच्या वाऱ्यालाही दाद द्यायची नाही. साखरेचं पाणी नाहीतर बिअर लावून ती केस असे बसवायची की धक्क्यावर तास तास उभं राहिलं तरी ढळायचे नाहीत. बायका नटून धक्क्यावर जायच्या आणि ही मागे राहून जमिनीवरचे केस झाडायची. बँडचा आवाज खिडकीतून यायचा. धक्क्यावर ती एकदाही गेली नव्हती. जाणार कोणासाठी?

त्या वर्षी मात्र कोणासाठी तरी होतं. देम्यान लुकिच, एका मोठ्या अणुपाणबुडीवरचा आचारी. दांडगा, लाजाळू, पावाच्या पिठासारखा मऊ गडी. केस कापायच्या निमित्ताने यायचा, कागदात गुंडाळलेला गरम पाव आरशापाशी ठेवायचा आणि निघून जायचा. असं दोन मोहिमांच्या मधल्या काळात बरेचदा झालं. शेवटी बोट निघायच्या आदल्या दिवशी त्याने टोपी हातात चुरगळत एका दमात सांगून टाकलं.

"रिम्मा सावेल्येव्हना, मला बोलता येत नाही. परत येईन तेव्हा धक्क्यावर या. आलात तर लग्न करू. नाही आलात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, तुम्हालाही अवघड नको."

"आणि तीन महिने मी काय करू?" रिम्मा म्हणाली.

"विचार करा," तो म्हणाला, आणि दारातल्या पायरीला अडखळून गेला.

विचार करून करून रिम्मा पार पिसाळली. एक दिवस वाटायचं, जाईन. दुसऱ्या दिवशी वाटायचं, समुद्राखाली कोंडलेला माणूस काय वाटेल ते बोलतो, वर आल्यावर विसरतो. आणि धक्क्यावर गेले आणि तो नुसता हसून पुढे गेला तर? सगळ्या गावासमोर? निळा ड्रेस मात्र तिने इस्त्री करून न्हाणीच्या दारामागे टांगून ठेवला होता.

मे महिन्याच्या शेवटी, डोंगरावरचा बर्फ जागोजाग उखडला होता तेव्हा, कप्तान त्युरिन सलूनमध्ये आला. त्युरिन म्हणजे तळावरची गुपितं सांभाळणारा अधिकारी. चेहरा कायम दाढदुखी असल्यासारखा.

"रिम्मा सावेल्येव्हना," तो दार लोटून घेत म्हणाला, "शत्रूला उपग्रह सोडायची गरजच नाही. तुमच्या दारापुढच्या बायका मोजल्या की झालं."

"मग शत्रूला सांगा, नंबर लावून बसा म्हणावं."

"थट्टा नको. गुरुवारी दुकान बंद. दारावर पाटी लावा, दुरुस्तीसाठी बंद. कोणी विचारलं तर नळ फुटलाय."

"नळ तर फुटलाच आहे. मार्चपासून."

"मग खोटंही बोलावं लागणार नाही," त्युरिन समाधानाने म्हणाला आणि गेला.

धन्य रे बाबा! इतक्या वर्षांत सलून कधी बंद राहिलं नव्हतं. नळ फुटला, वीज गेली, रिम्माला ताप आला, तरी नाही. आणि आता पाटी लागली, तीही एका ठराविक वाराची. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की बोट गुरुवारी येतेय. जाऊन तीन महिने झालेली बोट एकच होती. संध्याकाळी किराणा दुकानात यीस्ट संपलं, बिअर संपली, आणि तळाच्या डुक्करवाड्यातून एक गुबगुबीत पिल्लू भाजायला गेल्याची बातमीही आली. परतलेल्या कप्तानाच्या हातात भाजलेलं पिल्लू द्यायचं ही आमच्या आरमाराची जुनी रीत. तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली.

रिम्माने बुधवारी रात्री ठरवलं की जायचं. सकाळी उठून स्वतःचे केस करायचे, निळा ड्रेस घालायचा आणि जायचं. सकाळी तिने केटल ठेवली आणि दारावरची घंटा वाजली. बाहेर जिना भरलेला होता. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत बायकाच बायका, कोणाच्या हातात रोलर, कोणाच्या हातात बिअरची बाटली, कोणाच्या काखेत स्टूल.

"दुकान बंद आहे ना," ल्यूस्या म्हणाली. ही सगळ्यांत लहान, टॉर्पेडोवाल्या लेफ्टनंटची बायको, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. "घर तर बंद नाही ना, रिम्मामावशी?"

काय करणार? रिम्माने बाह्या वर सारल्या. स्वयंपाकघरात दोन, पलंगावर तीन, न्हाणीतल्या टबाच्या कडेवर एक. चार केटल एकदम तापवल्यावर फ्यूज उडाला, तो कोणीतरी केसातल्या पिनेने जोडला. घरात बिअरचा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरचा म्हातारा दोनदा विचारून गेला, काही कार्यक्रम आहे का. आणि त्यात दारातून आत कोण यावं? त्युरिनची बायको!

"अगं, तुझा नवरा तर रोज घरी येतो," कोणीतरी ओरडलं.

"म्हणून मी काय माणूस नाही?" ती म्हणाली आणि रांगेत घुसली.

हशा, धूर, आरडाओरडा. रिम्माचे हात चालत होते आणि मनातून तिला हायसं वाटत होतं. खरं सांगायचं तर तिला बहाणा मिळाला होता. इतकी डोकी टाकून कसं जायचं? काम आहे ना. देम्यानलाही समजेल. आणि नाही समजलं तर तो पुन्हा विषय काढणार नाही, ती पुन्हा केस झाडायला लागेल, सगळं जिथल्या तिथे.

तेवढ्यात खाडीतून टगबोटीचा भोंगा आला. बायका एकदम उठल्या, कोणाचा बूट कोणाच्या पायात. बोटीच्या कप्तानाची बायको अग्निया बोरिसोव्हना हात धुवायला न्हाणीत गेली होती. ती बाहेर आली ती निळा ड्रेस हातात घेऊन.

"हा कोणाचा?"

"माझा. असाच टांगलाय."

"कडक इस्त्री करून?"

"जा तुम्ही, अग्निया बोरिसोव्हना, उशीर होतोय. ल्यूस्याचं अर्धं डोकं राहिलंय. आणि मागून दुसऱ्या येतील."

अग्निया बोरिसोव्हनाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. चाळीस वेळा नवऱ्याची वाट पाहिलेली बाई ती, तिला काय शिकवायचं? "रिम्मा, तुझा पाव कुठून येतो ते या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो माणूस तीन महिने त्या लोखंडी डब्यात आमच्या नवऱ्यांना जेवायला घालतोय, आणि तू इथे माझ्यासमोर रोलर मोजतेस? लाज वाटत नाही?"

"तो विसरला असेल तर?" रिम्माच्या तोंडून निघून गेलं.

"विसरला असेल तर आम्ही आहोत. त्याला धक्क्यावरून ढकलून देऊ."

ल्यूस्या खुर्चीतून उठलीच. डोक्याची डावी बाजू कुरळी, उजवी सरळ, टपटप पाणी गळतंय. "अर्धं डोकं तर अर्धं डोकं," ती म्हणाली. "माझा वोलोद्या डाव्या बाजूने उभा राहील." रिम्माला निळ्या ड्रेसमध्ये कोंबायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. रिम्माचे स्वतःचे केस सकाळपासून जसे होते तसेच, रबर लावून मागे बांधलेले, वर बिअरचे शिंतोडे. आयुष्यभर दुसऱ्यांना नटवलं आणि स्वतःच्या दिवशी ही अवस्था! जिना उतरताना ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

धक्क्याच्या फाटकावर यादी घेऊन खुद्द त्युरिन उभा होता. कुटुंबांशिवाय कोणाला प्रवेश नाही. बायका आत गेल्या. रिम्मा समोर आली तसा त्याचा हात आडवा झाला.

"तुम्ही यादीत नाही."

"नाही."

"मग इथे कोणाकडे?"

फाटकापलीकडे काळी बोट डोंगराच्या कडेने येत होती, दोन टगबोटी तिला लहान मुलीसारखं हाताला धरून आणत होत्या. तिच्या पाठीवर माणसं ओळीने उभी होती. रिम्माने देम्यानला काहीच उत्तर दिलं नव्हतं. स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं. आता हा दाढदुख्या माणूस विचारत होता आणि मागे गर्दी ऐकत होती.

"देम्यान लुकिचकडे," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली. "आचारी देम्यान लुकिच. मी त्याची होणारी बायको."

"हे मला कसं माहीत नाही?" त्युरिन दुखावून म्हणाला.

"तुम्हाला पुष्कळ माहीत नसतं," मागून कोणीतरी म्हणालं. त्युरिनने वळून पाहिलं तर त्याची स्वतःची बायको, डोकं नव्या कोकरासारखं कुरळं, वाऱ्यात एक बटही हलत नाहीय. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने पेन काढलं, यादीच्या खाली रिम्माचं नाव लिहिलं आणि हात बाजूला घेतला.

धक्क्यावर एकच धमाल उडाली. बँड वाजला, कप्तानाने अ‍ॅडमिरलला सलाम ठोकून मोहीम पार पडल्याचं सांगितलं, भाजलेलं पिल्लू थाळीतून त्याच्या हातात आलं. मग माणसं फळीवरून उतरायला लागली, पांढरी फटफटीत, दाढ्या वाढलेली, उन्हाने डोळे मिचकावणारी. वोलोद्याने ल्यूस्याला उचललं, तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता हीच फॅशन का?" जो तो आपल्या माणसाला बिलगला होता. रिम्मा फळीशी उभी राहून एकेक चेहरा बघत होती. देम्यान नव्हता.

गर्दी पांगली. बँडवाले पेट्या आवरायला लागले. अग्निया बोरिसोव्हना नवऱ्याचा हात धरून लांब थांबली होती, जात नव्हती. रिम्माला वाटलं, झालं. तो आत बसून राहिलाय, तोंड दाखवायची लाज वाटतेय त्याला. आता वळावं आणि मान वर ठेवून फाटकातून बाहेर पडावं.

तेवढ्यात बोटीचं झाकण उघडलं आणि पांढरी टोपी वर आली. मागोमाग सगळा देम्यान, हातात पळी, एप्रनला लापशी लागलेली. तो डोळ्यांवर हात धरून धक्क्याकडे बघत राहिला.

"तुम्ही आलात!" तो ओरडला.

"मग दुसरं कोण येणार होतं?" रिम्माही ओरडली. "सगळे उतरले, तुम्ही कुठे होतात?"

"अणुभट्टी थंड होईपर्यंत तिच्याजवळची पोरं आतच राहतात. उपाशी कशी ठेवू त्यांना?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला, वारा होता म्हणून जेमतेम ऐकू आला. "मी वर यायला घाबरत होतो. म्हटलं, बघितलं आणि तुम्ही नसलात तर? म्हणून पोरांना दोनदा वाढलं."

रिम्माला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही. म्हणजे तोही! तीन महिने, समुद्राच्या पोटात, तिच्यासारखाच कामाच्या आड लपून बसलेला हा येडा.

"देम्यान लुकिच," ती म्हणाली, "पोरं तिसऱ्यांदा काही खाणार नाहीत. पळी ठेवा आणि खाली या."