विमानात सोललेले वाल

अमेरिकेला जाणारं विमान सुटलं तेव्हा माझ्या पिशवीत मोड आलेल्या कडव्या वालांचा डबा होता. माझ्या लेकीला, कमलला, आठवा लागला होता आणि तिला बिरडं (सोललेल्या वालांची आमटी) खायचं होतं. आमच्या पावणे गावात डोहाळ्यांना कुणी नाही म्हणत नाही.

विमान म्हणजे नुसतं बसून राहणं. फोन बंद. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत भांडणं. खिडकीबाहेर ढग, ढग संपले की पुन्हा ढग. भात कोरडा, पाय सुजलेले. शेजारची बाई आमच्या गावाजवळच्या महाप्याच्या कंपनीतली, कानात बोळे घालून बसलेली. शेवटी पुढची फळी पाडली आणि वाल सोलायला घेतले.

तिने बोळे काढले. "आजी, हे काय?"

"वाल. दिसत नाय?"

"द्या, मी पण सोलते. बोअर झालंय."

"अख्खा निघाला पायजे. मोडलास तर तूच खा."

मग ती सासूपासून साहेबापर्यंत सगळं बोलली. उतरायची वेळ कधी झाली कळलंच नाही.

विमानतळावर एक कुत्रा माझ्या पिशवीपाशी येऊन बसला, तो हटेना. कस्टमच्या साहेबाने डबा उघडून वाल कचरापेटीत ओतले. शेजारीण माझ्या बाजूने इंग्रजीत भांडली. उपयोग झाला नाही.

बाहेर कमलने आधी डबाच पाहिला. "आये, रिकामा?"

"कुत्र्याने पकडून दिलं."

ती हसली, मग रडली. म्हटलं, घरी चल, रस्त्यात तमाशा नको.

तिथल्या दुकानातून मोठाले पांढरे पावटे आणले. भिजवले, मोड काढले, दोघींनी सोलले. खोबरं पाकिटातलं, सुकं.

"कसं झालंय गो?" कमलने विचारलं.

"साबनासारखं."

तरी ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

बाळंतपण उरकून निघाले तेव्हा तिने त्याच डब्यात मोड आलेले पावटे भरून दिले. "इमानात सोल. नायतर बसून येडी होशील."

परतीला शेजारी झोपाळू माणूस होता. मी एकटीनेच सोलले. मुंबईत कुणी काही विचारलं नाही.

घरी ओला नारळ खवला आणि त्याच पावट्यांचं बिरडं केलं. बोटं चाटून खाल्लं. संध्याकाळी कमलचा फोन आला, मागे बाळ रडत होतं.

"आये, आता तरी बरं झालं का?"

चांगल्या जेवणाला मी जन्मात नाव ठेवलेलं नाही. पण तिच्या गावात ओला नारळ मिळत नाही.

"साबनच," म्हटलं.