विमलवहिनी आणि दादाची फियाट

बातमी मला प्रल्हादभाऊंनी दिली. मी संग्रामपूरला लेकीकडे गेलो होतो. सकाळचा चहा हातात होता आणि फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा बरंच वाटलं. "सुधाकर, निघ बरं तू," ते म्हणाले आणि थांबले. मागून बायकांचे आवाज येत होते. "वहिनी गेल्या... अंगणातच. मी होतो जवळ." शेगाव, खामगाव करत अमडापूरला पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. फक्त मधूनमधून एक विचार मनात येत होता. आमच्या घरातल्या मरणाची बातमी या माणसाच्या तोंडून यावी, हे काही वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता दीड महिना झालाय, आणि वहिनींबद्दल लिहायला बसलो की सुरुवात तिथूनच होते.

विमलवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आरोग्य केंद्रात नर्स होत्या. दादाकडे एक जुनी फियाट होती, बऱ्याच हातांतून फिरत आमच्या दारात आलेली. लग्नाची वरात, बाळंतीण, स्टेशनवरचे पाहुणे, कशालाही गावातले लोक दादाला बोलवायचे. प्रल्हादभाऊ त्याचे शाळेपासूनचे मित्र, पोस्टात नोकरीला. एका उन्हाळ्यात त्यांच्या बहिणीला नांदुऱ्याला रेल्वेत बसवून दोघं फियाटने परत येत होते. दुपारची वेळ, खामगावात जेवण झालेलं. गावाच्या अलीकडे नाल्याच्या पुलाआधी एक वळण आहे. तिथे गाडी वळलीच नाही, सरळ बाभळीवर गेली. दादा जागेवरच गेला. प्रल्हादभाऊंचा डावा पाय दरवाज्यात चेंगरला आणि गुडघ्याखाली काढावा लागला.

त्यानंतर गावात दोन बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे, पिऊन होता. कोणी म्हणे, जेवून निघाला, डोळा लागला. आमच्या घरात तिसरंच धरून ठेवलं होतं, की स्टिअरिंगचा टायरॉड, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, तुटला आणि म्हणून चाक वळलं नाही. टायरॉड तुटलेला होता हे खरं. पण तो आधी तुटला की झाडावर आदळल्यामुळे तुटला, हे कोण सांगणार? सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आमच्याकडे आला नाही. दवाखान्यातून सुटून आल्यावरही नाही, वर्षश्राद्धालाही नाही. आईने त्याचा अर्थ लावला: पोराची चूक होती हे याला माहीत आहे, आणि तोंडावर सांगायला नको म्हणून हा येत नाही. मग आमच्यातलंही कोणी त्यांच्याकडे गेलं नाही. बाजाराच्या दिवशी कुबडीचा आवाज आला की आई पदर पुढे ओढून दुसरीकडे बघायची.

गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली आणि मागच्या अंगणात उभी केली. वर ताडपत्री. आईने ती विकूही दिली नाही आणि उघडूही दिली नाही. त्या गाडीच्या शेजारून वहिनी वीस-बावीस वर्षं रोज धुणं वाळत घालायला जात होत्या. मुलगा शिकून पुण्याला गेला, आई गेली, वहिनी निवृत्त झाल्या. आणि एका सकाळी मी शेजारच्या माझ्या घराच्या मागच्या दाराशी दात घासत उभा होतो तेव्हा त्यांनी ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या. ताडपत्री हाताने ओढली तशी ती फाटत खाली आली. मूळचा रंग कुठे कुठे उरला होता, बाकी सगळा तांबडा गंज, खालचा पत्रा वाळवी लागल्यासारखा. वहिनींनी दाराखालच्या पट्टीवर बोट टेकवलं आणि बोट आत गेलं.

"भाऊजी, खामगावचे ते रशीदभाई येतीन काय घरी?" त्यांनी विचारलं. रशीदभाई म्हणजे जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करणारे कारागीर. मी म्हटलं, येतील, पण काय करायचंय त्याचं आता? वहिनी बोट पुसत होत्या. "मले पाहाचं हाये, आधी काय तुटलं ते."

मला ते नको होतं. उघड सांगतो, मला भीती वाटली. टायरॉड तुटला यावर आम्ही सगळे इतकी वर्षं टेकून उभे होतो. तो आधार काढून घेतला तर उरेल तो झोपलेला दादा, आणि त्याच्यामुळे पाय गेलेला त्याचा मित्र. मी वहिनींना निरनिराळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. पुण्याहून मुलानेही फोनवर समजावलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नर्सचा जुना पांढरा कोट चढवून अंगणात हजर. रशीदभाई आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी आधी सांगितलं की बाई, हे होणार नाही. मग वहिनींना ग्राइंडर धरताना पाहिलं आणि गप्प झाले. कुजलेला पत्रा कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, मग नवा तुकडा बसवून वेल्डिंगचे टाके मारायचे. टाके हा शब्द ऐकून वहिनी पहिल्यांदा हसल्या. जन्मभर तेच केलं, म्हणाल्या, फक्त रोगी ओरडायचे.

पण त्यांचं लक्ष वरच्या पत्र्यावर नव्हतंच. टायरॉड खाली होता, वाकलेल्या पुढच्या भागात अडकलेला, आणि त्यासाठी गाडी उचलावी लागणार होती. त्या दिवशी रशीदभाईंनी पुढून जॅक लावला, दोन्ही बाजूंना लाकडाचे ओंडके सरकवले आणि नट सोडायला पाना आणायला वळले. तेवढ्यात वहिनी खाली शिरल्या होत्या. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. जॅक ज्या पत्र्यावर टेकला होता तो पत्राच आत दबला, आणि गाडी कण्हत खाली आली. रशीदभाई धावले. मी जागेवरून हललोसुद्धा नाही. गाडी ओंडक्यांवर टेकून थांबली. मग मीही पोचलो. आम्ही दोघांनी त्यांचे पाय धरले तसा आतून शांत आवाज आला, "ओढू नका. सुटून राह्यलं ते."

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांत गंजाचा भुगा होता आणि हातात टायरॉडचा तुटका तुकडा. दुसरा तुकडा रशीदभाईंनी नंतर काढला. दोन्ही रॉकेलने धुतले, जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. रशीदभाई उन्हात धरून, फिरवून फिरवून पाहत राहिले. वहिनी समोर उकिडव्या बसल्या होत्या, आरोग्य केंद्रात लोक रिपोर्टची वाट बघत बसतात तशा. शेवटी रशीदभाईंनी तुकडे खाली ठेवले. ताजं तुटलेलं असतं तर सांगता आलं असतं, म्हणाले, जुनी चीर काळी दिसते आणि नवी चकचकीत. "अब तो दोन्ही तोंडं गंजानं सारखीच खाल्ली, बाई. कोणालेच नाही सांगता येत."

वहिनी उठल्या आणि हात धुवायला गेल्या. पुढचे काही दिवस त्या अंगणात फिरकल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मनातून मी सुटलोही. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, बाहेरची साडी नेसून. प्रल्हादभाऊंकडे जाऊन येऊ, म्हणाल्या. मी येणार नसेन तर त्या एकट्या जाणार होत्या, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

गावातून चालताना ओट्यांवरची बोलणी आमच्या पुढे पुढे थांबत गेली. प्रल्हादभाऊ बाजेवर बसले होते. आम्हाला पाहून ते कुबडीसाठी चाचपडले, पण ती हाताला लागली नाही, म्हणून तसेच बसून राहिले. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली, मला तोवर माहीत नव्हतं, दादाचा आणि प्रल्हादभाऊंचा फियाटला टेकून काढलेला एक फोटो. वहिनींनीही तो पाहिला. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, त्याइचा डोळा लागला होता काय?"

प्रल्हादभाऊ खाली पाहत होते. "वहिनी... मीच झोपलो होतो. आदळली तवा जाग आली मले. त्याचं काय झालं, मले नाही माहीत." मग, "जागा असतो तर बोलत राह्यलो असतो त्याच्याशी. कोणत्या तोंडानं येऊ तुमच्याकडं?"

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, त्यांना माहीत आहे आणि ते सांगत नाहीत. आणि त्यांना वाटत होतं, आम्हाला माहीत आहे आणि आम्ही माफ करत नाही. मी वहिनींकडे पाहिलं. रडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेल्यातलं पाणी सगळं संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मंग आपल्यापैकी कोणालेच नाही माहीत." उठताना त्यांनी कोपऱ्यातली कुबडी उचलून बाजेशी आणून ठेवली. "उद्या या. दरवाजे घासाचे हायेत."

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आले ते बाजाराच्या दिवशी, पिशवीत स्वतःचं पाणी घेऊन, परक्या घरी आल्यासारखे. वहिनींनी स्टूल दिलं, हातात घासायचा खरखरीत पेपर दिला आणि डिकीचं झाकण समोर ठेवलं. त्या दोघांत नंतरही फार बोलणं झालं नाही. गंज घासायचा, खाचखळग्यांत लांबी भरायची, वाळली की पुन्हा पेपर मारायचा, तळहात फिरवून कुठे उंचवटा लागतो का बघायचं, याभोवतीच त्यांचे शब्द असायचे. एक ताण होताच. डावा पुढचा दरवाजा भिंतीला टेकून ठेवला होता, आत दबलेला, आणि प्रल्हादभाऊ त्याच्याकडे पाठ करून बसायचे. रशीदभाई म्हणाले, भंगारातून दुसरा आणतो. वहिनी म्हणाल्या, थांबा. बरेच आठवडे तो तसाच राहिला. एक दिवस मी शाळेतून शिकवून आलो तर प्रल्हादभाऊंनी तो स्वतः ओढत आणून ओंडक्यावर पालथा घातला होता आणि आतून लाकडी हातोडीने ठोकत होते. इतक्या जोरात की रशीदभाईंना सांगावं लागलं, भाऊ, हळू, पत्रा आहे. वहिनी घरातून बाहेर आल्या, पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.

गाडी चालती झाली तेव्हा मुलगाही पुण्याहून आला होता, पण चालवायला वहिनींनी मला सांगितलं. त्या माझ्या शेजारी, प्रल्हादभाऊ मागे; मुलगा दारातच थांबला. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मग पूल जवळ यायला लागला तसा गाडीत कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. नवा टायरॉड बसवताना मी स्वतः पाहिलं होतं, तरी पाय आपोआप ब्रेककडे जात होता. पूल ओलांडताच समोर वळण, आणि ती बाभूळ अजून तिथेच. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बोला न, भाऊजी. बोलत राहा."

मी सोयाबीनच्या भावाबद्दल काहीतरी सुरू केलं. मागून प्रल्हादभाऊंनी ते उचललं, भाव कुठे पडला, कोणी कशी चलाखी केली. वहिनी मधूनच काहीतरी विचारत होत्या, ज्याचा सोयाबीनशी संबंध नव्हता. आम्ही तिघंही एकाच वेळी बोलत होतो, जरा मोठ्यानेच. स्टिअरिंग वळलं, गाडी वळली. वळण मागे गेलं तरी कोणी थांबलं नाही. खामगावचा पहिला पेट्रोलपंप दिसल्यावर मागचा आवाज बंद झाला. मी आरशात पाहिलं. प्रल्हादभाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. वहिनींनी मागे न बघता हात मागे नेला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

गाडी नंतर वापरात राहिली. दवाखान्याला, लग्नाला, कधी नुसतीच. वहिनींची तिच्यावर बारीक नजर असायची. गाडी धुतली की प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला जी बारीक भोकं असतात, ती त्या केसांतल्या आकड्याने मोकळी करायच्या. भोकं बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून कळतही नाही. काम झालं की आकडा गाडीच्या पुढच्या खणात. त्या गेल्या त्या सकाळीही गाडी धुऊन झाली होती. प्रल्हादभाऊ म्हणतात, उठल्या, कमरेला हात लावला आणि खाली बसल्या... बस, एवढंच.

परवा आम्ही दोघांनी गाडी धुतली. प्रल्हादभाऊ जमिनीवर बसून दरवाज्यांची खालची कड चाचपडत होते. मी खणातून आकडा काढून त्यांना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यात वहिनींचा एक लांब पांढरा केस अडकलेला होता. मग त्यांनी आकडा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "ठेव तिथंच." आणि अंगणातल्या खराट्याची एक काडी मोडून घेऊन ते भोकं मोकळी करायला लागले.