पन्हाळ्याच्या चढावर कॅरियरवर कोण होतं?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माहेरी मळ्यातल्या विहिरीवर हडळ आहे म्हणायचे, आणि मी मुद्दाम तिथूनच पाणी आणायची, कारण तिथं बायका नसायच्या. मला भीती वाटायची ती माणसांची. भूत निदान चार प्रश्न तरी विचारत नाही... मासिकात लोक असे अनुभव लिहून पाठवतात, ते मी वाचते. मी काही पाठवणार नाही. शाळा चौथीपर्यंतची, आणि छापून आलंच तर गल्लीतल्या बायका घरी येऊन बसतील. पण लिहून ठेवते. वाचलंच कुणी, तर विचार करून बघा.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं लग्न नवं होतं. सासर मुरगूडकडचं, शेतीवाडीचं. हे कोल्हापुरात एका ऑफिसात कारकून, शुक्रवार पेठेत एक खोली घेऊन राहायचे. यांना नाद एकच – सायकल. रविवार आला की कधी जोतिबा, कधी राधानगरी, कधी खिद्रापूरचं देऊळ. चढ आला तरी उतरून सायकल ढकलायची नाही, हा यांचा बाणा. मला चार महिन्यांसाठी म्हणून खोलीवर आणलं होतं. ते संपत आले, आणि सोमवारी थोरले दीर बैलगाडी घेऊन मला न्यायला येणार असं ठरलं.

मला जायचं नव्हतं. पण ते बोलायचं कसं? हे रोज विचारायचे, "ऱ्हातीस का इथं?" मी मान हलवायची. "का जातीस गावाकडं?" मी परत मान हलवायची. शेवटी वैतागून म्हणाले, "अगं, नंदीबैल तरी बरा! आता मी विचारणार न्हाय. तुझ्या तोंडनं सांगशील तर ऱ्हाशील, न्हाईतर सोमवारी गाडीत बस."

रविवारी मला पन्हाळा दाखवायला निघाले. मी मागं कॅरियरवर, आणि बरोबर यांचे मित्र बापू, त्यांच्या सायकलवर. बापूंची चेन सारखी पडायची. आंबेवाडीला पडली, केर्लीला पडली, वाघबीळच्या अलीकडं परत पडली. ते मागं राहिले. आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याला बुधवार पेठेत पोचलो, पाणी प्यालो, आणि घोटाळा झाला तो तिथंच.

डबलसीटची तेव्हाची पद्धत ठाऊक असेल. पुढच्यानं सायकल चालू करायची, मागच्यानं चार पावलं पळत जाऊन कॅरियरवर उडी मारून बसायचं. पण पाराजवळ सात-आठ पुरुष बसलेले! त्यांच्यादेखत नव्या सुनेनं उडी मारायची? मी ठरवलं, पार मागं टाकून पुढं बसू. यांनी टांग मारली, सायकल एका दगडावरून उडाली, यांना वाटलं मी बसले. आणि निघाले की!

मी म्हटलं, "अहो..." ते मलाच नीट ऐकू आलं नाही. मग जरा मोठ्यानं, "अहो!" पारावरच्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुणाला हाका मारताय, ताई?"

"त्यांना..."

"नाव सांगा की, आम्ही मारतो हाक."

नवऱ्याचं नाव कसं घेणार?

एक फेटेवाले म्हणाले, "मग उखाण्यात तरी घ्या! पर लवकर. पावणं वळणाला लागलं."

सगळे हसले. मला लग्नातला एक उखाणा येत होता, पण त्यात चांदीचं ताट, समया, रांगोळी असं पुष्कळ होतं. नाव येईपर्यंत हे गडावर पोचले असते.

एका म्हातारीला दया आली. म्हणाली, "हसताय काय रं मेल्यांनो! पोरी, रस्ता वळसं घेत जातोय. तू ह्या पायवाटंनं सरळ चढ. त्याच्या आधी पोचशील बघ."

मी पळालेच. काट्यांनी लुगड्याचा काठ फाटला, दम लागला, पण चार दरवाजापाशी वर आले. दरवाजा पडलेलाच, नावच उरलेलं. यांचा पत्ता नव्हता. मी कडेला उभी राहून खाली बघितलं. लख्ख ऊन होतं. खालच्या वळणावर सायकल येताना दिसली.

कॅरियरवर बाई बसलेली होती.

हिरवं लुगडं. माझंच. बांधा माझाच. पण पाय हलवत होती, हातवारे करून बोलत होती, आणि डोक्यावर पदर नव्हता! भीती नंतर वाटली. आधी मला त्या पदराचा राग आला. हे हसत होते. चार महिन्यांत माझ्याशी असे हसले नव्हते.

सायकल एका कातळाआड गेली. बाहेर आली तेव्हा कॅरियर रिकामा. हे मात्र बोलतच होते. जवळ येऊन ब्रेक दाबला, मागं न बघता म्हणाले, "उतर, आलं चार दरवाजा," आणि समोर मला बघितलं.

"कवा उतरलीस?"

"बसलेच न्हाय. पायवाटंनं आले."

"मग सबंध घाट माझं डोकं कुणी खाल्लं?"

त्यांनी माझे धुळीचे पाय बघितले, फाटलेला काठ बघितला. मग कॅरियरला हात लावला.

"गरम हाय की गं."

"उन्हानं असंल," मी म्हटलं. आणि मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मी यांना काहीतरी विचारलं. "काय म्हणत होती?"

"म्हणाली, जेवताना लय वाजवून खातासा, शेजारच्या खोलीत ऐकू जातं."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त मनात, आणि तेही रोज दोन वेळा.

"आणि?"

"गावाकडं जाणार न्हाय म्हणाली. दादांस्नी रिकामी गाडी घेऊन जाऊ द्या, म्हणाली." यांचा चेहरा उतरला. "म्हंजे ते तू न्हाय म्हणालीस. मला वाटलं, एकदाची बोलली."

तेवढ्यात घामाघूम बापू सायकल ढकलत आले. "वहिनी, आज लय फार्मात हुता की! खालनं मी हात केला, तर वरनं वरडला, भावजी, सायकल विका आन् गाढव घ्या! आमच्या वहिनी एवढ्या बोलतात व्हय!"

हे पांढरेफटक पडले. "बघितलास तू? कॅरियरवर?"

"मग काय टपावर?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. आता मान हलवून भागणार नव्हतं. गप्प बसले तर सोमवारी गाडीत मी, आणि माझ्या मनातलं बोलून गेलेली कुणीतरी दुसरीच. मी म्हटलं, "ती कोण का असंना. मीबी जाणार न्हाय."

"काय?"

"जाणार न्हाय!" एवढ्या मोठ्यानं आवाज आला की पलीकडं शेरडं राखणारा माणूस उठून उभा राहिला.

हे हसले. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, सगळं दाखवलं. मला आठवतं ते थोडंच. परतताना बुधवार पेठेत म्हातारीला विचारलं, इथं असलं काही आहे का. ती म्हणाली, "काय न्हाय बाई. असतं तर पारावरची ही टाळकी तिथं बसली असती व्हय?"

सोमवारी दीर आले, जेवले, आणि रिकामी गाडी घेऊन गेले. सासूबाई वर्षभर फुगून होत्या.

बापू म्हणतात, ऊन लागलं. पण मग मला आणि त्यांना एकच बाई कशी दिसली, आणि यांना ती ऐकू कशी आली? हे म्हणतात, देवी असेल. देवी माणसाच्या जेवण्याला नावं ठेवेल का? मी पुष्कळ विचार केला, मला काही उलगडलेलं नाही. एक मात्र खरं. त्या दिवसापासून हे आवाज न करता जेवतात. तिचं यांनी एका घाटात ऐकलं. मी सांगितलेलं तीन-तीनदा सांगावं लागतं, तेव्हा कुठं कानात शिरतं... त्याचाही उलगडा मला झालेला नाही.