ओरोझालीचं धुराडं

सागिनच्या कोटाच्या एका खिशात तंबाखूची डबी असायची आणि दुसऱ्यात लाकडी मुठीचा पेचकस. तीस वर्षं शाळेचा बंब पेटवून म्हातारा झाला, तेव्हा गावच्या कचेरीनं त्याला घरतपासणीचं काम दिलं. कडाक्याची थंडी पडायच्या आत घरोघर जायचं, चुली बघायच्या, धुराडी बघायची, वहीत लिहायचं. कोळशाचा गॅस घरात कोंडला तर माणूस झोपेतच जातो. हाक नाही, बोंब नाही.

सागिनची रीत साधी. पेचकसानं धुराड्याच्या पत्र्यावर टकटक करायची. धड पत्रा ‘टण्ण’ म्हणतो, सडका ‘भद्द’. नारीन नदीकाठच्या आमच्या गावात बाया त्याला सुतारपक्षी म्हणायच्या. “आला गं सुतारपक्षी! आधी नान मोड बाबा, मग मार चोच.” तो नान मोडायचा, साय लावून खायचा, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजावेत तसा त्याच घरचा पत्रा वाजवायचा. सख्ख्या मेव्हण्याच्या घराला त्यानं दोनदा ‘नापास’ लिहिलं होतं. मेव्हणा वर्षभर बोलला नाही, पण जिवंत राहिला.

एकच घर त्यानं कधी वाजवलं नाही. ओरोझालीचं.

ओरोझाली गावचा पत्रेकाम करणारा. प्रत्येक घराचं धुराडं त्याच्या हातचं. सागिनपेक्षा सहा वर्षांनी थोरला, शेजारी, आणि लहानपणी सागिनला घोड्यावर बसायला शिकवणारा. मागच्या शरदात सागिन त्याच्याकडे तपासणीला गेला, सवयीनं खिशात हात घातला. तशी ओरोझाली हसला. “काय रे, माझाच पत्रा मला वाजवून दाखवतोस? आता नदीला पोहायला शिकव!” सागिन ओशाळला. खिशातला हात मोकळाच बाहेर आला. आणि धुराडं असं चकचकीत, की त्यात तोंड बघून दाढी करावी. ओरोझाली दर शरदात त्याला चांदीचा रंग द्यायचा. सागिननं चहा घेतला, वहीत ‘ठीक’ लिहिलं, घरी गेला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पण थोरल्याच्या तोंडावर त्याचीच कारागिरी ठोकून बघायची, हे आमच्यात कुणाच्या हातून झालं असतं?

यंदा पहिला बर्फ लवकर पडला. ओरोझालीची बायको आसिलकान लेकीकडे गेली होती, नातवाला पाळण्यात घालायला. ओरोझालीनं उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच चूल पेटवली, आणि सकाळी उठलाच नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस. हृदय, लोक म्हणाले. सागिननं खांदा दिला, खड्डा खणायलाही तो पुढे होता.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी तपासणीची वही घेऊन तो त्या दारात उभा राहिला. गुरुवार होता. आसिलकान चुलीपाशी बसून बोरसोक तळत होती, कणकेचे फुगलेले तुकडे. गेलेला माणूस चाळीस दिवस घराकडे येतो म्हणतात. त्याला खाता येत नाही, पण तापल्या तेलाचा वास पोचतो. म्हणून दर गुरुवारी हा वास द्यायचा.

“ये सागिन. हात धू. वेळेवर आलास, तळणाला सुतारपक्षी चुकत नाही.”

“वहिनी, तोंड किती उतरलंय तुमचं.”

“डोकं रे. संध्याकाळ झाली की घणाचे घाव. लेक म्हणते, आई, रडणं कमी कर. रडणं काय मीठ आहे, कमी घालायला?”

“बाहेर गेलात की थांबतं?”

“थांबतं की! रात्री शेजारणीकडे निजते, तिथे उतरतं. गाईपाशी बसले की साफ जातं. गाय माझी डॉक्टरीण.”

सागिन हसला नाही. तो उठला. चुलीमागून पत्र्याचा नळ भिंतीत शिरत होता, तिथे वाकला. नळ अजून चांदीसारखा चमकत होता. त्यानं पेचकस टेकवला.

भद्द.

पुन्हा ठोकलं, तर पेचकस आतच गेला. चहात भिजलेल्या नानमध्ये जावा तसा. कांद्याची साल निघावी तसा चांदीचा पापुद्रा सुटला आणि खालून तांबडा भुगा त्याच्या बाहीवर पडला. एका वर्षाचा गंज नव्हता तो. पाच-सहा वर्षांचा होता. वर दर शरदात एक हात रंग. दिव्याखाली अंधार.

ओरोझालीला नेलं ते हृदयानं नव्हे, गॅसनं.

“काय रे, काय झालं?”

“चूल विझवा वहिनी.”

“विझवा? आज गुरुवार! तेल तापलंय. ते दारात उभे असतील, आणि मी चूल विझवू?”

त्यानं खिडक्या उघडल्या, निखारे बादलीत ओढले, बादली बर्फात उपडी केली. आसिलकान मागे ओरडत होती, “मेल्या, दुखवट्याच्या घरात चूल विझवतात का? तुझ्या घरी विझव!” तिला शेजारणीकडे बसवून तो तडक कचेरीत गेला.

कचेरीतल्या तालंतनं जुनी वही काढून बघितली. चांगला पोरगा, पण कागदाला भिणारा. “सागिनदादा, मागच्या वर्षी तुम्हीच ‘ठीक’ लिहिलंय.”

“लिहिलंय.”

“मग लिहा ना, यंदा गंजला. उन्हाळा ओला होता. माणूस गेला तो गेला, आता म्हातारीच्या जखमेवर मीठ कशाला? आणि तुमच्यावरही येईल.”

सागिननं पेन हातात घेतलं. तालंत म्हणत होता ते सोपं होतं, आणि खोटंही कुणाला कळलं नसतं. धुराडं बदललं असतं, म्हातारी वाचली असती. पण दर गुरुवारी ती ज्याला दारात उभा बघत होती, तो सागिनलाही दिसायला लागला होता. त्यानं लिहिलं: ‘नळ सडलेला. गंज जुना. मागच्या वर्षी मी वाजवून बघितला नाही.’ खाली सही केली. शाळा चार इयत्ता, त्यामुळे सहीला वेळ लागला.

मग तार आणि शिशाचं सील घेऊन तो परत आला. चुलीचं दार तारेनं बांधलं. आसिलकान उंबऱ्यात उभी होती.

“वहिनी, दादा हृदयानं गेले नाहीत.”

तिनं बांधलेल्या तारेकडे बघितलं.

“मागच्या वर्षी वाजवला असता तर कळलं असतं. मी नाही वाजवला. मला त्यांची भीड वाटली.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं सागिन पुढे कुणापाशी तरी म्हणाला. ती एवढंच म्हणाली, “तुझ्या मेव्हण्याची नाही वाटली भीड?”

“नाही.”

“आमचीच वाटली.” आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी तिच्या अंगणात सागिन दिसला. उन्हाळ्यात मुरंबा शिजवायची उघडी चूल त्यानं बर्फातून मोकळी केली, वाळकी लाकडं रचली, पेटवली आणि कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. आसिलकान कढई घेऊन बाहेर आली. त्याच्याकडे न बघता तिनं तळण उरकलं. आळीतल्या प्रत्येक घरी तिनं सात-सात बोरसोक वाटले. सागिनच्या घरीही दिले, मेलेल्याचं अन्न कुणाला चुकवता येत नाही. पण देताना “घे” म्हणाली नाही. सागिननं एक तोंडात घातला, तो गालातच फिरत राहिला.

चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या सकाळी तो नवा नळ घेऊन आला. ओरोझालीच्याच हत्यारांनी, दोनदा बोट कापून केलेला. सांधे वाकडे, पण पत्रा जाड. आसिलकाननं दार उघडलं, बाजूला झाली. दुपारपर्यंत त्यानं नळ बसवला, सील तोडलं, चूल पेटवून धूर बघितला. सगळा वर गेला. मग त्यानं पेचकस खिशात टाकला आणि टोपी उचलली.

“कुठे निघालास?” सोळा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

“झालं वहिनी काम.”

“वाजव.”

“नवाच आहे...”

“त्यांच्या वेळी वाजवला नाहीस. आता माझ्यासमोर वाजव.”

त्यानं पेचकस काढला. पहिली टकटक हुकली, भिंतीवर बसली. दुसऱ्यांदा नळ वाजला. टण्ण. घरभर घुमला.

आसिलकान ऐकत राहिली. “पुन्हा,” ती म्हणाली. त्यानं पुन्हा वाजवला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली. सागिन पेचकस हातात धरून तसाच उभा होता. खाली बस म्हणणारं कुणी नव्हतं आणि जावं तर पाय उचलत नव्हता.